चुलीच्या हिशेबाबाहेरचे मूल : इरावतीबाईंचा नकाशा कोल्हापुरातून वाचताना

फेब्रुवारी २०११ मध्ये जनगणनेच्या कामावर असताना करवीर तालुक्यातल्या एका घरात माझे पेन अडले. दोन खोल्यांचे घर. कुटुंबप्रमुख म्हणून सत्तरीचे गृहस्थ, त्यांची पत्नी आणि तीन नातवंडे. मुले मुलीची होती. मुलगी आणि जावई इचलकरंजीत, दोघेही मागावर कामाला. मुले चार वर्षांपासून आजोबांकडे राहून गावातल्या शाळेत जात होती. मी नाती लिहिली, वये लिहिली, शिक्षण लिहिले. नियमाप्रमाणे सगळे बरोबर होते. तिकडे इचलकरंजीत दुसऱ्या कुणी प्रगणकाने त्या मुलीची आणि जावयाची नोंद घेतली असणार : दोन माणसांचे कुटुंब, चूल वेगळी. तीही बरोबरच. दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या तरी या तीन मुलांना कोण वाढवते आहे, ते इथे का आहेत, त्यांची आई कुठे आहे, हे मात्र कळले नसते. म्हातारीने ते एका दमात सांगून टाकले होते, "पोरगी पैसं धाडतीया, पोरं आम्ही बघतोय." हे लिहायला माझ्याकडे रकाना नव्हता.

त्याच आठवड्यात गावाबाहेरच्या ऊसतोडणी कामगारांच्या खोपींवर गेले. बीडकडची माणसे. किती कुटुंबे आहेत असे विचारल्यावर मुकादमाने उत्तर दिले, "बारा कोयते." एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, उचल कोयत्यावर मिळते आणि हिशेबही कोयत्यावरच होतो. खोपींच्या मधून फिरणारी पोरे कोयत्यात धरलेली नव्हती. मोठी पोरे तर तिथे नव्हतीच, ती गावाकडे आजी-आजोबांजवळ होती. सरकार चूल मोजते, मुकादम कोयता मोजतो. मूल दोन्हींच्या कडेला उभे असते.

शाळेत समाजशास्त्र शिकवण्याची पाळी माझ्यावर कधी आली नाही. मी मराठीची शिक्षिका. इरावती कर्वे माझ्या हाती आल्या त्या ललितलेखिका म्हणून, 'परिपूर्ती' आणि 'भोवरा'मधून. त्यांचा १९५३ चा भारतातील नातेसंबंधांच्या रचनेवरचा इंग्रजी ग्रंथ मी जनगणनेच्या त्या कामानंतर, पन्नाशी ओलांडल्यावर वाचला. या लेखात मला त्या ग्रंथाविषयी एक तक्रार मांडायची आहे. तक्रार आदराने करते आहे, कारण महाराष्ट्रातल्या कुटुंबाविषयी विचार करताना आजही आपण त्यांनी आखलेल्या रेषांवरूनच चालतो.

आधी चुलीचा प्रश्न निकालात काढते, कारण त्यात आपल्या अभ्यासकांची बरीच वर्षे गेली. इरावतीबाई एकत्र कुटुंब ओळखतात ते छप्पर, चूल, मिळकत आणि देवधर्म सामाईक असण्यावरून. ही व्याख्या पाठ्यपुस्तकांत इतकी रुजली की पुढे दोन पिढ्या वाद झाला तो एकाच मुद्द्यावर : एकत्र कुटुंब मोडते आहे की नाही? आय. पी. देसाई यांनी सौराष्ट्रातल्या महुवा गावाच्या पाहणीत (१९६४) दाखवले की वेगळ्या चुलीवर जेवणारे भाऊही देण्याघेण्यात आणि कर्तव्यात एकत्र असू शकतात. ए. एम. शाह यांनी १९७३ च्या पुस्तकात घर आणि कुटुंब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे ठामपणे मांडले. आपल्या जवळचे उदाहरण पुण्याजवळच्या लोणीकंदचे. पेशवाई बुडाल्यावर वर्षभरात, १८१९ मध्ये, डॉ. थॉमस कोट्स याने या गावाची बारकाईने पाहणी केली होती. पुढे इरावतीबाईंचे गुरू गो. स. घुर्ये त्या गावात पुन्हा गेले, आणि १९७० मध्ये पॉलिन कोलेंडा यांनी १८१९, १९५८ आणि १९६७ अशा तीन वेळच्या कुटुंबांची तुलना प्रसिद्ध केली. १८१९ च्या लोणीकंदमध्ये विभक्त घरांचे प्रमाण नंतरच्या काळापेक्षा जास्त होते. म्हणजे 'पूर्वी सगळे एकत्र होते' ही आपली लाडकी समजूत निदान त्या गावापुरती तरी टिकत नाही.

इतके कळल्यावर खरे तर प्रश्नच बदलायला हवा होता. घर मोठे की लहान, यावरून मुलाचे काय होते हे ठरत नाही. भरल्या घरात पोरके वाढलेले मूल आपण सगळ्यांनी पाहिले आहे. वडीलधाऱ्यांसमोर बापाने आपले पोर उचलून घेऊ नये, अशी रीत असलेली घरे माझ्या लहानपणी कोल्हापुरात होती. घरातले सगळे वहिनी म्हणतात म्हणून सख्ख्या आईला 'वहिनी' म्हणणारी मुले माझ्या वर्गात होती. ते मूल नेमके कुणाचे, हे त्या हाकेवरूनच ठरून जात असे.

आता इरावतीबाईंच्या नकाशाकडे येते. त्यांनी भारताचे नातेसंबंधांनुसार चार प्रदेश केले : उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्वेकडचा वेगळ्या भाषाकुळांचा. भाषा आणि नातेवाचक शब्द ही त्यांची मुख्य हत्यारे. उत्तरेत मुलगी परक्या गावी, परक्या माणसांत दिली जाते. माहेर आणि सासर यांच्यात भिंत असते. दक्षिणेत लग्न ओळखीच्या नात्यात होते, सासू ही आत्या असू शकते, सासरा मामा असू शकतो, त्यामुळे नवी सून घाबरलेली पाहुणी नसते. महाराष्ट्र त्यांनी मध्य प्रदेशात, दोन्हींच्या सांध्यावर ठेवला. मराठ्यांत आणि इतर अनेक जातींत मामाची मुलगी चालते, आत्याची सहसा चालत नाही. दक्षिणेची अर्धी रीत आपण घेतली आहे, अर्धी सोडली आहे.

कोल्हापूरच्या वाचकाला हा भाग वाचताना घरी आल्यासारखे वाटते. आमच्याकडे सासूला 'आत्ती' म्हणणे हा केवळ मान देण्याचा प्रकार नव्हता, पुष्कळदा ती खरोखरच आत्ती असे. जुन्या मराठी घरांतले 'मामंजी' आणि 'आत्याबाई' हे शब्दही तीच गोष्ट सांगतात. रीत गेली तरी शब्द मागे राहिले. आणि निपाणीच्या पुढे कानडी मुलखात तर थोरल्या बहिणीची मुलगी करण्याचीही चाल आहे. नातेवाचक शब्दांवरून समाजाचे हाड ओळखण्याची इरावतीबाईंची ही पद्धत मला आजही विलक्षण वाटते. इंग्रजीत लिहितानाही त्यांचा कान मराठी आहे, हे पानोपानी जाणवते.

या नकाशावर १९८३ मध्ये टिम डायसन आणि मिक मूर या दोन अभ्यासकांनी एक मोठा निष्कर्ष उभा केला. लोकसंख्याशास्त्रात त्यांचा निबंध अजून वाचला जातो. त्यांनी देशाचे ढोबळ दोन भाग केले, साधारण सातपुड्याच्या रांगेच्या वर आणि खाली. म्हणणे असे की जिथे मुलगी ओळखीच्या नात्यात जाते, माहेराशी तिचा राबता राहतो, तिथे तिला घरात शब्द असतो. आणि जिथे बाईला शब्द असतो तिथे मुले कमी होतात, जास्त जगतात आणि मुलीची आबाळ कमी होते. म्हणजे लग्नाच्या रीतीवरून मुलाच्या आरोग्याचे भाकीत करता येते. इरावतीबाईंनी स्वतः असे भाकीत केले नव्हते, हे सांगितले पाहिजे. पण त्यांच्या नकाशातून ते निघणे स्वाभाविक होते, आणि वाचताना पटतेही.

हे भाकीत कोल्हापुरात येऊन आपटते. आमचा जिल्हा सातपुड्याच्या पुष्कळ खाली. मामाच्या मुलीची रीत इथली. सहकार इथला, शिक्षण इथले. शाहू महाराजांनी १९१७ मध्येच प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. अशा जिल्ह्यात २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८३९. राज्याची सरासरी तेव्हा ९१३ होती. शेजारच्या सांगलीत ८५१. २०११ मध्ये कोल्हापूर ८६३ वर आले. राज्य घसरून ८९४ वर. ज्या बीडमधून ते बारा कोयते आले होते, तिथला आकडा त्या वर्षी ८०७. आत्तीच्या घरी सून होऊन जाणारी मुलगी सुरक्षित, असे नकाशा सांगतो. इथे तर ती आत्तीपर्यंत पोचलीच नाही.

गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला होता, हेही लक्षात ठेवावे. पुढे कोल्हापूरचे जिल्हाधिकारी असताना लक्ष्मीकांत देशमुख यांनी, जे स्वतः कथा-कादंबरीकार आहेत, सोनोग्राफी यंत्रांना 'सायलेंट ऑब्झर्व्हर' नावाचे नोंद ठेवणारे उपकरण जोडायला लावले. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि २०११ मध्ये न्यायालयाने ते उचलून धरले. यंत्रावर यंत्राचा पहारा बसला. त्याचा उपयोग झाला नाही असे मी म्हणणार नाही. पण सोनोग्राफीच्या खोलीपर्यंत त्या बाईला कोण घेऊन आले, हा प्रश्न कुटुंबाचा आहे. आणि पुष्कळदा तिला आणणारी ती ओळखीची, रक्ताची आत्तीच होती, असे म्हटले तर ते कोल्हापुरात कुणाला खोटे वाटणार नाही.

मग चुकले कुठे? सोपे उत्तर असे की इरावतीबाई १९७० मध्ये गेल्या; सोनोग्राफी त्यांनी पाहिली नाही. हे खरे आहे, पण पुरेसे नाही. मला वाटते, चूक पाहण्याच्या कोनात आहे. त्यांच्या ग्रंथात माणूस येतो तो लग्नाच्या अंगाने. मुलगी कोणाकडे देता येते, कोणाकडे नाही. दिल्यावर ती कोणाला काय म्हणते. मूल हे तिथे दोन कुळांमधला दुवा असते, किंवा उद्याचा नवरा, उद्याची सून. आज ते कोणाच्या ताटात जेवते, कोणाजवळ झोपते, ताप आल्यावर त्याला दवाखान्यात कोण नेते, हे त्या कोष्टकांत येत नाही. मिळकतीचे काय होते तेही फार थोडे येते. आणि आमच्या उसाच्या पट्ट्यात मुलीचे नशीब ठरले ते नेमके मूल आणि मिळकत यांच्या मध्ये.

इथे मला 'हक्कसोड' या शब्दाविषयी लिहिलेच पाहिजे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून बापाच्या मिळकतीत मुलीला वाटा आहे. १९९४ मध्ये महाराष्ट्राने आणि २००५ मध्ये केंद्राने वडिलोपार्जित मिळकतीतही तिला मुलग्याच्या बरोबरीने आणले. कागदावर हे झाले. तलाठी कार्यालयात आणि दुय्यम निबंधकांच्या कचेरीत वेगळे होते. वडिलांच्या बाराव्या-तेराव्यानंतर काही महिन्यांनी बहिणी साडीचोळी घेऊन हक्कसोडपत्रावर सही करतात. 'भावाचं दार उघडं राहावं म्हणून', असे त्या सांगतात. बाहेरचा माणूस याला अडाणीपणा म्हणतो, दाब म्हणतो, आणि दाब असतोही. पण त्या दारातून बाई एकटी जात-येत नाही. तिची पोरे जातात. मे महिन्यात जातात, शाळेसाठी जातात, बाप दारूत बुडाला तर कायमची जातात. सोडलेला वाटा आणि मिळालेले आजोळ, असा तो व्यवहार असतो. तो कुठेही लिहिलेला नसतो, त्यावर मुद्रांक लागत नाही.

हा व्यवहार लक्षात घेतला की आकड्यांचा अर्थ वेगळा लागतो. बहिणीने वाटा सोडला तर ती चांगली. तिने वाटा मागितला तर तिचे माहेर तुटते आणि तिच्या मुलांचे आजोळ जाते. कायद्याने मुलीचा हक्क वाढवला त्याच काळात आमच्याकडे तीन-चार एकर बागायतीच्या घराने दोन अपत्यांवर थांबायला सुरुवात केली होती. त्यातले एक मुलगी असणे म्हणजे उद्याची एक सही, एक वाद किंवा एक वाटा. नात्यातले लग्न या हिशेबापासून कुणाला वाचवत नाही. उलट नात्यात दिलेल्या मुलीला वाटा मागणे जास्त अवघड जाते, कारण ज्याच्याकडे मागायचा तो भाऊ तिच्या सासूचा भाचा असतो. हे माझे निरीक्षण आहे, सिद्धान्त नव्हे. पण कुणी समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने एका तालुक्यातल्या हक्कसोडपत्रांच्या नोंदी आणि त्याच गावांतल्या शाळांचे प्रवेशनोंदवहीतले पालकांचे रकाने शेजारी ठेवून पाहावेत, असे मला फार वाटते. प्रवेशनोंदवहीत मुलाच्या पालकाचे नाव आणि नाते असते. तीस वर्षांत मी 'मामा', 'आजोबा', 'मावशी' हे शब्द त्या रकान्यात किती वेळा लिहिले, त्याची गणती नाही.

गंमत अशी की इरावतीबाईंना हे सगळे ठाऊक होते. त्यांचा जन्म १९०५ चा, ब्रह्मदेशातल्या म्यिंज्यानचा. सातव्या वर्षी त्यांना शिकायला पुण्यात हुजूरपागेत ठेवले. पुढे रँग्लर परांजप्यांच्या घरी त्या घरच्या मुलीसारख्या वाढल्या. आई-बाप समुद्रापलीकडे, चूल परांजप्यांची. त्यांच्याच व्याख्येने त्या मुलीचे कुटुंब कोणते धरायचे? ज्या बाईचे स्वतःचे बालपण चुलीच्या हिशेबात बसत नव्हते, तिने कुटुंबाची व्याख्या चुलीवर उभी करावी, याचे मला नवल वाटते. शास्त्र त्यांनी घुर्यांकडून आणि बर्लिनमधून घेतले. शास्त्राला लागणारी शिस्त अशी की स्वतःला त्यातून वजा करायचे. ती शिस्त त्यांनी बर्लिनमध्ये एकदा फार धैर्याने पाळली होती. कवटीच्या मोजमापांतून वंशाचे श्रेष्ठत्व सिद्ध होत नाही, हे गुरूला न रुचणारे उत्तर त्यांनी आपल्या प्रबंधात दिले. पण कुटुंबाच्या बाबतीत स्वतःला वजा करताना त्यांनी आपल्यातले मूलही वजा केले.

ते मूल सापडते ललितलेखनात. 'परिपूर्ती' या लेखात त्यांची ओळख करून दिली जाते ती कुणाची सून, कुणाची पत्नी अशी. आणि काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते. मग रस्त्यावरची पोरे त्यांना आपल्या वर्गातल्या मुलाची आई म्हणून ओळखतात, तेव्हा ओळख पुरी होते. आम्ही हा लेख वर्गात मातृत्वाचा गौरव म्हणून शिकवायचो, मीही शिकवला. आता वाचताना दिसते की नात्याच्या त्या जाळ्यात इथे पहिल्यांदाच बोलणारे तोंड मुलाचे आहे. बाई कुणाची कोण, हे वरून ठरत नाही, खालून ठरते. नातेवाचक शब्दांची शेकडो कोष्टके मांडणाऱ्या विदुषीने मुलाच्या तोंडचा शब्द शास्त्रात घेतला नाही, ललित लेखासाठी राखून ठेवला. मराठी समीक्षाही तिथे फसली. तिने ललित आणि शास्त्र अशा दोन इरावतीबाई केल्या आणि दोघींना वेगळ्या कपाटांत ठेवले. २०२४ मध्ये त्यांचे 'इरू' हे इंग्रजी चरित्र आले, ऊर्मिला देशपांडे आणि थियागो पिंटो बार्बोझा यांनी लिहिलेले; त्यात ही दोन कपाटे एकत्र उघडण्याचा प्रयत्न आहे. ऊर्मिला या गौरी देशपांडे यांच्या कन्या, म्हणजे इरावतीबाई त्यांच्या आजोळच्या आजी. चरित्र आजोळकडून आले, हे मला शुभ वाटते.

माझे स्वतःचे आजोळ कागल तालुक्यात. वडील मुंबईला गिरणीत होते, आई आजऱ्याकडच्या आमच्या गावी शेत आणि सासू-सासरे सांभाळत असे. गावात शाळा चौथीपर्यंत. पाचवीपासून मी मामाच्या घरी. सात वर्षे माझ्या प्रगतिपुस्तकावर मामाने सही केली. मामीने मला आणि तिच्या मुलांना एका परातीतून भाकरी वाढली. कधी भेद केला नाही असे मी म्हणत नाही, पण उपाशी ठेवले नाही. त्या वर्षांत जनगणना झाली, १९७१ ची. तिच्यात मी 'कुटुंबप्रमुखाची भाची' असणार. आई तिकडे, वडील गिरणगावात खोलीवर. एका कुटुंबाच्या तीन नोंदी.

आजोबा १९७२ च्या दुष्काळात गेले. पुढच्या वर्षी मी अकरावी एस.एस.सी. पास झाले. गावात कुणी मुलगी त्याआधी कॉलेजात गेली नव्हती. मामाने फार चर्चा केली नाही, एवढे आठवते.

मामा गेल्यावर काही वर्षांनी मामेभावाने सातबारा आणि जुने फेरफार काढून आणले होते, कुठल्याशा कर्जासाठी. मराठी वाचून दाखव म्हणून कागद माझ्या हाती दिले. त्यात एक नोंद होती. मयत खातेदाराची मुलगी, हिने आपला हक्क राजीखुशीने भावाच्या लाभात सोडला सबब नाव कमी केले. खाली आईची सही, मोठ्या, थांबत काढलेल्या अक्षरांची. तारीख होती मे १९७३. जूनमध्ये मामा मला घेऊन एस.टी.ने कोल्हापूरला आला होता आणि कॉलेजच्या खिडकीवर त्याने माझी वर्षाची फी रोख भरली होती.